आधी हिशेब, मग सूट : ख्रिस्ती क्षमेची वाट, पायरी पायरीने

क्षमेसाठी मराठीत रुळलेला शब्दप्रयोग म्हणजे ‘अपराध पोटात घालणे’. त्याच्या शेजारी दुसरा : झालं गेलं गंगेला मिळालं. दोन्ही तोंडात सहज बसतात, पण दोन्हींत एक गोची आहे. पोटात घातलेलं पोटातच राहतं. तिथे ते आंबतं आणि भलत्याच दिवशी भलत्याच माणसावर बाहेर पडतं. गंगेला मिळालेलं म्हणावं, तर रात्री अडीचला जाग आल्यावर तेच वाक्य, तोच आवाज कानात कसा वाजतो?

येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत मराठी बायबलने तिसराच शब्द योजला आहे. जसं आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडलं आहे, तशी तू आमची ऋणं सोड (मत्तय ६:१२). लहानपणापासून घोकून घोकून आपल्याला त्या शब्दाची धार जाणवेनाशी होते. पण तो ऋण म्हणतो. वहीतला, रकमेचा, देणेकऱ्याच्या नावासह लिहिलेला शब्द. मूळ ग्रीकमध्येही तिथे कर्जाचाच शब्द आहे, आणि ‘सोड’साठी जे क्रियापद आहे ते ‘आफिएमी’. येशूचा शिष्य पेत्र याने जाळी ‘सोडली’, त्याच्या सासूचा ताप तिला ‘सोडून’ गेला, तिथेही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांत, हेच क्रियापद येतं. हातातली पकड सैल होणं, एवढाच त्याचा साधा अर्थ.

कर्ज माफ करायचं तर आधी किती होतं ते माहीत असावं लागतं. माझ्या अनुभवात क्षमेचा घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. लोक आकडा न पाहता ‘माफ’ असं लिहून मोकळे होतात आणि मग वर्षानुवर्षं व्याज वसूल करत राहतात : टोमण्यांतून, अबोल्यातून, लग्नाकार्यात चेहरा फिरवण्यातून. म्हणून पुढची वाट वहीपासून सुरू होते.

पहिली पायरी : वही उघडा

एक कागद घ्या, तीन रकाने आखा. पहिल्यात काय घडलं ते. दुसऱ्यात त्यामुळे माझं काय गेलं ते. तिसऱ्यात त्या माणसाकडून मला अजून काय हवं आहे ते.

पहिल्या रकान्यात क्रियापदं लिहा, विशेषणं नकोत. ‘ती स्वार्थी आहे’ हा निकाल झाला, त्याला कर्ज म्हणता येत नाही. ‘मी दोन महिने अंथरुणावर होतो, तिने एकदाही विचारपूस केली नाही’ ही नोंद झाली. निकाल माफ करता येत नाही, नोंद करता येते.

दुसऱ्या रकान्यात प्रामाणिक राहा. पैसे गेले असतील तर पैसे, झोप गेली असेल तर झोप, एखाद्या घरात मोकळेपणाने शिरण्याची सवय गेली असेल तर ती. यात काही क्षुद्र वाटलं तरी लिहा. ‘माझ्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर हसले’ हे चाळिशीतल्या माणसाला लिहायला लाज वाटते, पण सल तिथेच असतो.

खरं काम तिसऱ्या रकान्यात आहे. आपण काय वसूल करायला बसलो आहोत? माफीचे दोन शब्द? की तो माणूस एकदा तरी तसाच पोळावा, ही इच्छा? की आईने एकदा म्हणावं, ‘तुझंच बरोबर होतं’? मी पहिल्यांदा असा कागद भरला तेव्हा दोन पानं झाली. निम्म्याहून अधिक गोष्टी ज्याच्यावर मी चिडलो होतो त्याच्याकडून येणंच नव्हत्या. त्या माझ्या वडिलांकडून येणं होत्या. चुकीच्या खातेदाराकडे मी सात वर्षं तगादा लावला होता.

लिहून झाल्यावर एक चाळणी लावा. नव्या करारातली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत तो प्रेषित पौल कलस्सैकरांना, म्हणजे कलस्सै गावच्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिताना दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो : एकमेकांचं सहन करा, आणि कोणाविरुद्ध कोणाचं गाऱ्हाणं असेल तर क्षमा करा (३:१३). सहन करणं निराळं, क्षमा करणं निराळं. जेवताना मचमच करणारा, पाच मिनिटांची गोष्ट अर्धा तास सांगणारा, फोनला उत्तर न देणारा माणूस आपलं काही देणं लागत नाही. त्या ओळी खोडा. सगळ्याच गोष्टींना क्षमा क्षमा म्हणत बसलं की तो शब्द बोथट होतो, आणि आपण उगाच उदार झाल्याचा भास होतो.

दुसरी पायरी : देवापुढे भांडा

ही पायरी चांगले भाविक हमखास गाळतात. त्यांना वाटतं रागावून प्रार्थना करणं म्हणजे पाप. पण बायबलमधली प्रार्थनेची वही, म्हणजे १५० स्तोत्रांचा संग्रह, उघडून पाहा. त्यातला मोठा हिस्सा विलापाचा आहे. १३व्या स्तोत्रात पहिल्या दोनच वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. १०९वं स्तोत्र तर मोठ्याने वाचायला अंगावर काटा येतो : त्याचे दिवस थोडे होवोत, त्याची मुलं अनाथ होवोत. पिढ्यान्‌पिढ्या यहुदी आणि ख्रिस्ती लोकांनी हे शब्द धर्मग्रंथात जपून ठेवले आहेत.

ही स्तोत्रं सूड घेत नाहीत, सूडाचा अर्ज दाखल करतात. फरक मोठा आहे. पौल रोमकरांना लिहितो की सूड उगवू नका, देवाच्या क्रोधाला वाट द्या (१२:१९). तुमचा दावा खोटा आहे असं तो म्हणत नाही. दावा दुसऱ्या न्यायालयात वर्ग करा, असं म्हणतो.

करायचं ते असं. दार लावून घ्या. १३वं स्तोत्र मोठ्याने वाचा, सहाच वचनं आहेत. मग आपला कागद वाचा, तोही मोठ्याने. सभ्य शब्द शोधू नका. रडू आलं तर येऊ द्या, आणि आलं नाही तर ओढून आणू नका. दोन-चार दिवस, कधी दोन-चार महिने, याच पायरीवर जातील. कोणी ‘अजून नाही का क्षमा केलीस?’ असं विचारलं तर त्याला योसेफाची गोष्ट सांगा. भावांनी १७व्या वर्षी विकलेला आणि पुढे मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, मोठा अधिकारी झालेला हा मुलगा साधारण २२ वर्षांनी त्यांना धान्यासाठी समोर उभं पाहतो, तेव्हा धावत जाऊन गळ्यात पडत नाही. तो बाजूला जाऊन रडतो (उत्पत्ती ४२:२४). मग परत येतो आणि परक्यासारखाच बोलत राहतो.

तिसरी पायरी : आपलं खातं

आता मत्तयाचा १८वा अध्याय. पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू आकडा सातांच्या सत्तर वेळांवर नेतो आणि एक गोष्ट सांगतो. एका राजाच्या चाकराकडे दहा हजार तालांतांचं कर्ज आहे. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी होते. एकही सुटी न घेता दीड लाखाहून अधिक वर्षं राबला तरी फिटणार नाही. तो पाया पडून म्हणतो, थोडी सवड द्या, सगळं फेडीन. ते ऐकून श्रोते हसले असतील. राजा सवड देत नाही, अख्खं कर्जच सोडून देतो. बाहेर पडताच त्या चाकराला एक सोबती भेटतो, ज्याच्याकडून त्याला शंभर दिनार येणं आहेत. हा त्याचा गळा धरतो.

या गोष्टीवरच्या प्रवचनांत शंभर दिनार ‘किरकोळ’ म्हणून उडवले जातात. ते किरकोळ नाहीत. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे तीन महिन्यांहून जास्त कमाई. मजुरी करणाऱ्या घरात एवढे पैसे बुडाले तर चूल विझते. येशूने तो आकडा उगाच निवडला नसावा. तुमचं दुःख खरं आहे, मोजण्याइतकं आहे, हे ती गोष्ट मान्य करते आणि मग दुसरी रक्कम शेजारी ठेवते.

म्हणून तुमच्या कागदाच्या मागच्या बाजूला आपल्या देण्यांची यादी करा. समोरच्याशी तुलना करायला नव्हे. ‘मीही काही कमी नाही, मग मी कोण बोलणार’ हा खोटा नम्रपणा इथे नको, त्याने पुढच्या बाजूची रक्कम बदलत नाही. मला किती सोडलं गेलं आहे एवढंच पाहायचं. ज्यांच्यावर मोठा अन्याय झाला आहे त्यांना पहिल्याच आठवड्यात ही पायरी दाखवणं मात्र क्रूर आहे. ती तिसरी आहे, ती तिसरीच राहू द्या.

आणखी एक गोष्ट इथे उलगडते. राजाने कर्ज सोडलं तेव्हा ती रक्कम हवेत विरली नाही. तेवढा तोटा राजाच्या खजिन्याला बसला. क्षमा फुकट नसते, घेणाऱ्याला ती फुकट मिळते कारण देणारा किंमत मोजतो. ख्रिस्ती विश्वास वधस्तंभाकडे पाहून हेच म्हणतो. कलस्सैकरांच्या पत्रात पौलाने तिथे ‘हस्तलेखा’चा शब्द वापरला आहे, म्हणजे देणेकऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलेली कर्जाची चिठ्ठी. ती चिठ्ठी देवाने वधस्तंभाला खिळून रद्द केली (२:१४).

मग ते अवघड वचन येतं : तुम्ही माणसांना क्षमा केली नाही, तर तुमचा पिताही तुम्हाला करणार नाही (मत्तय ६:१५). जखमी माणसाच्या डोक्यात हाणायला हे वचन फार वापरलं गेलं आहे. मला ते असं समजतं : एक हात मुठीत घट्ट आवळून दुसऱ्याने भीक घेता येईल असं आपल्याला वाटतं, पण मूठ दोन्ही हातांची एकच असते. ज्याला क्षमा जमत नाही म्हणून रडू येतं आणि ज्याला क्षमा करायचीच नाही, त्या दोघांत अंतर आहे. हे वचन, ज्याला क्षमा करायचीच नाही, त्याच्यासाठी आहे.

चौथी पायरी : सोडणे

आता कागदाचा तिसरा रकाना घ्या, एकेक ओळ. ‘बापा, अमुकने सगळ्यांसमोर मला खोटं पाडलं. त्याने येऊन माझी माफी मागावी अशी मी वाट पाहत होतो. ते येणं मी आज सोडतो. तो माझा देणेकरी राहिला नाही. तुझ्या आणि त्याच्यामध्ये जे असेल ते तुझं.’ नाव घ्या. ‘ज्यांनी ज्यांनी मला दुखावलं त्या सर्वांना’ असं घाऊक काही म्हणू नका. घाऊक क्षमेत कोणाचंच कर्ज सुटत नाही.

मनात तशी भावना नसेल तर? नसूच दे. कर्ज सोडल्याच्या कागदावर सही करताना सावकाराला उचंबळून यावं लागत नाही. ग्रीक नव्या करारात क्षमेसाठी आणखी एक क्रियापद येतं, ‘खारिझोमाई’. त्याच्या मुळाशी ‘कृपा’ आहे, आणि अर्थ आहे अनुग्रहाने देऊन टाकणे. देणं ही कृती आहे. भावना मागाहून येते, कधी फार मागाहून.

‘मी क्षमा करतो’ हे शब्द घशातून बाहेरच येत नसतील तर एक पायरी खाली उतरा. वधस्तंभावर येशूने काय म्हटलं ते नीट पाहा : हे बापा, त्यांना क्षमा कर (लूक २३:३४). त्या वाक्यात क्रियापदाचा कर्ता बाप आहे. दगडांचा मारा होत असताना पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन यानेही प्रभूलाच विनवलं की हे पाप त्यांच्याकडे मोजू नकोस (प्रेषितांची कृत्ये ७:६०). तुम्हालाही तेवढंच जमेल : ‘मला जमत नाही, तू कर.’ आणि तेही जमलं नाही, तर ‘मला क्षमा करावीशी वाटावी, असं मला वाटू दे’ इथून सुरुवात करा. वाक्य वेडंवाकडं आहे खरं, पण प्रार्थना म्हणून चालतं.

कागद जाळायचा मोह होतो. थोडं थांबा, पुढे बोलायला जायचं असेल तर पहिला रकाना लागेल.

पाचवी पायरी : क्षमा, विश्वास, न्याय ही तीन खाती वेगळी

या लेखातली एकच पायरी वाचणार असाल तर ही वाचा. लोक क्षमेला घाबरतात कारण त्यांना वाटतं की क्षमा केली म्हणजे परत त्याच घरात, त्याच माणसाबरोबर, तसंच राहावं लागेल. असं कुठेच म्हटलेलं नाही.

जुन्या करारातला शौल राजा आपल्याच सरदाराच्या, दाविदाच्या, जिवावर उठला होता. गुहेत शौल हाती सापडला असताना दाविदाने फक्त त्याच्या झग्याचा काठ कापला आणि त्याला जिवंत जाऊ दिलं. शौल रडला, ‘तू माझ्याहून नीतिमान आहेस’ म्हणाला. त्यानंतरचं वाक्य माझं फार आवडतं आहे : शौल आपल्या घरी गेला आणि दावीद आपल्या माणसांसह गडावर गेला (१ शमुवेल २४:२२). अश्रू पाहून तो राजवाड्यात परतला नाही. पुढे पुन्हा एकदा शौलाने ‘परत ये’ म्हटलं, तेव्हाही नाही. हात उचलला नाही आणि अंतरही सोडलं नाही.

योसेफानेही भावांना पारखून घेतलं. आपला चांदीचा प्याला धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत लपवून ठेवला आणि पाहिलं की हे लोक आता दुसऱ्या लाडक्या भावाला संकटात टाकून पळतात का. यहूदा पुढे झाला आणि त्याच्याऐवजी मला गुलाम करा म्हणाला, तेव्हा योसेफाचा बांध फुटला. क्षमा देता येते, विश्वास मात्र कमवावा लागतो, आणि तो कमवायला वेळ, पुरावा आणि समोरच्याची वागणूक लागते.

न्यायाचं खातं तिसरं. १३ मे १९८१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या मेहमेत अली आजा याला पोपने काही दिवसांतच जाहीर क्षमा केली. २७ डिसेंबर १९८३ ला ते तुरुंगात जाऊन त्याला भेटले. भेट संपल्यावर पोप बाहेर आले आणि आजा कोठडीतच राहिला. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याची शिक्षा माफ केली ती २००० साली. ग्लॅडिस स्टेन्स यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप व टिमोथी ही दोन मुलं यांना जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर इथे गाडीत जिवंत जाळण्यात आलं. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं उघडपणे सांगितलं आणि कुष्ठरुग्णांमधलं काम चालू ठेवलं. खटला आपल्या वाटेने चालला, शिक्षा झाल्या.

म्हणून मारहाण, लैंगिक अत्याचार, लहान मुलांचा छळ, फसवणूक अशी गोष्ट असेल तर तक्रार करा. आधी सुरक्षित जागी जा. मग या लेखाची पहिली पायरी. ‘क्षमा कर आणि घरी परत जा’ असा सल्ला देणारा पाळक असो, धर्मगुरू असो, की आत्या, त्यांचं ऐकू नका. त्यांना सलोखा हवा असतो, बहुधा स्वतःच्या सोयीसाठी.

सहावी पायरी : बोलायचं की नाही

मत्तय १८:१५ सांगतो की भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि दोघे एकांतात असताना त्याचा अपराध त्याला दाखव. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, मगच मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या सभेपुढे. आपण नेमका उलटा क्रम लावतो. आधी सगळ्यांना कळतं, मग एक-दोघे मध्यस्थी करतात, आणि त्या माणसाला सर्वांत शेवटी समजतं. प्रार्थनासभेत ‘अमुकसाठी फार प्रार्थना करा हं’ म्हणून जे सांगितलं जातं, ती पुष्कळदा चुगलीच असते, फक्त डोळे मिटलेले असतात.

बोलायला गेलात तर पहिल्या रकान्यातलं वाक्य वापरा, आणि एकच वापरा. ‘त्या दिवशी तू सगळ्यांसमोर असं म्हणालास. मला ते फार लागलं. तुझ्या मनात काय होतं, ते ऐकायला आलो आहे.’ मग गप्प बसा. गप्प बसणं इथे सर्वांत अवघड.

‘मी तुला क्षमा केली आहे’ हे वाक्य मात्र जपून. ज्याला आपण काही चुकलो हेच ठाऊक नाही, त्याच्यासमोर ते म्हटलं की ती क्षमा राहत नाही, रंगीत कागदात गुंडाळलेला आरोप होतो. काहींच्या बाबतीत जाऊच नये : माणूस धोकादायक असेल, किंवा आपल्याला फक्त त्याचा पडलेला चेहरा पाहायचा असेल.

इथे एक जुना वाद आहे. लूक १७:३ म्हणतो, भावाने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. मार्क ११:२५ म्हणतो, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. तिथे पश्चात्तापाची अट नाही. मला दोन्ही पटतात. देवापुढे ऋण सोडायला एक माणूस पुरतो, नातं जुळायला दोन लागतात.

सातवी पायरी : पुन्हा तीच रात्र

सोडल्यानंतर तीन आठवड्यांनी ते परत येतं. कुणी नाव काढतं, फोटो दिसतो, आणि छातीत तोच गोळा. म्हणजे केलं ते सगळं खोटं होतं का? नाही. सातांच्या सत्तर वेळांचा एक अर्थ मला फार उशिरा कळला. नव्या अपराधांसाठी ती संख्या आहेच, पण एकाच अपराधाची तितक्या वेळा आठवण येते, तेव्हाही ती लागते. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लामेख नावाचा माणूस फुशारकी मारतो की काइनाचा सूड सातपट, तर माझा सत्त्याहत्तरपट. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे जे शब्द आहेत, तेच मत्तयात येशूच्या तोंडी आले आहेत. सूडाची जुनी बेरीज त्याने क्षमेच्या खात्यात फिरवली.

उपाय साधा आहे. ऋण सोडलं त्या दिवसाची तारीख कागदावर लिहून ठेवा. आठवण आली की वाद घालू नका. ‘हे अमुक तारखेला सुटलं’ म्हणा आणि त्या माणसासाठी एक बरी गोष्ट मागा, अगदी कोरडेपणाने का होईना. त्याच्या मुलाला चांगली नोकरी लागू दे, इतकंच. लूक ६:२८ मध्ये शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या म्हटलं आहे, गोड मानून द्या असं नाही.

कर्ज आपल्याकडे असेल तेव्हा

वेदीपुढे अर्पण आणलं असताना आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा आणि समेट कर (मत्तय ५:२३-२४). इथे पहिलं पाऊल देणेकऱ्याने टाकायचं आहे.

माफी मागताना ‘तर’ आणि ‘पण’ हे दोन शब्द काढून टाका. ‘तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर’ यात चूक त्याच्या वाईट वाटण्याची होते. ‘माझं चुकलं, पण तूही’ यात पहिली दोन पदं वाया जातात. असं म्हणा : ‘मी तुझ्याबद्दल खोटं बोललो. त्यामुळे तुझं काम गेलं. माझं चुकलं. ते भरून काढायला मी काय करू?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. जक्कय नावाच्या जकातदाराने येशूला घरी जेवायला घालून भागवलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत, असं उभं राहून सांगितलं. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात त्याच्या पळून गेलेल्या गुलामासाठी, अनेसिमासाठी, पौल लिहितो की त्याने तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड, मी स्वतःच्या हाताने लिहून देतो, मी फेडीन. क्षमा मागणाऱ्या पत्रातही खातेवही आहेच.

आणि समोरच्याला लगेच ‘ठीक आहे’ म्हणायला लावू नका. तोही कदाचित दुसऱ्या पायरीवर असेल.

देवापुढे कबुलीच्या पद्धती मंडळीगणिक वेगळ्या. कॅथलिक परंपरेत सदसद्विवेकाची तपासणी, पश्चात्ताप, सुधारण्याचा निश्चय, धर्मगुरूपुढे कबुली आणि त्याने सांगितलेलं प्रायश्चित्त असा क्रम आहे. तिथे ऐकलेलं धर्मगुरूला कधीही, कुणालाही सांगता येत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बहुतेक लोक थेट देवापुढे कबुली देतात, १ योहान १:९ च्या आधारावर. त्यांना मी एवढंच सुचवेन की याकोब ५:१६ ही त्याच बायबलात आहे आणि ती एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगते. एका विश्वासू माणसासमोर मोठ्याने बोललेलं पाप अंधारात पुटपुटलेल्यापेक्षा लवकर सुटतं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ईस्टरआधीचा महाउपवास सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे एकेकासमोर वाकून ‘मला क्षमा कर’ म्हणतात. उत्तर येतं, ‘देव क्षमा करतो.’ पाळकही वाकतो, लहान मुलंही.

‘स्वतःला क्षमा करणे’ हा शब्दप्रयोग बायबलात सापडत नाही. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं ते कोळशाच्या शेकोटीपाशी. योहानाच्या २१व्या अध्यायात किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, आणि येशू तीनदा एकच प्रश्न विचारतो : माझ्यावर प्रीती करतोस का? पेत्राने स्वतःला माफ केलं की नाही, याची नोंद नाही. त्याला काम दिलं गेलं : माझी मेंढरं पाळ. जे मेले आहेत त्यांच्याबद्दलही तसंच. त्यांची चिठ्ठी देवापुढे ठेवता येते, त्यांच्याकडून उत्तर येणार नाही, आणि पायऱ्या मात्र त्याच.

शेवटी, तुम्ही मनापासून सोडलं आणि समोरच्याला ते खरंच वाटलं नाही, असंही होतं. योसेफाचा बाप याकोब मिसरात येऊन १७ वर्षं जगला आणि वारला. बाप गेल्याबरोबर योसेफाच्या भावांना वाटलं, आता हा डूख काढणार. त्यांनी निरोप धाडला, बाबांनीच मरण्यापूर्वी सांगितलं होतं की भावांचा अपराध क्षमा कर. मग स्वतः येऊन पाया पडले, आम्ही तुझे गुलाम म्हणाले. ज्याने १७ वर्षं त्यांना आणि त्यांच्या लेकराबाळांना पोसलं, तो तो निरोप ऐकून रडला. मग म्हणाला, भिऊ नका, मी काय देवाच्या ठिकाणी आहे? आणि त्यांच्या मुलाबाळांना पुढेही पोसण्याचं वचन देऊन त्यांच्याशी मायेने बोलत राहिला.